साखर कारखान्यातला समुद्र

समुद्राविषयी तुम्हाला काय वाटतं, हे मला आयुष्यात एकदाच कोणीतरी विचारलं. तेही बीड जिल्ह्यात, दुष्काळात, एका बंद साखर कारखान्याच्या सभागृहात. विचारणारा मुंबईहून आलेला चित्रकार होता. त्याच्याविषयी मला तेव्हा जो तिटकारा वाटला तो आजही तसाच आहे. वय वाढलं की माणूस निवळतो म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही झालं नाही.

मी तेव्हा केजकडच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. चित्रकलेची बाई म्हणजे रोज फळ्यावर सुविचार लिहिणारी, गॅदरिंगचे पडदे रंगवणारी आणि कोणी साहेब येणार असले की दारात रांगोळी काढणारी. चित्र शिकवायला उरलेला वेळ. त्या वर्षी तोही गणिताच्या सरांनी घेतला होता, कारण वर्गात अर्धीच पोरं उरली होती आणि ती निदान पास तरी व्हावीत असं त्यांचं म्हणणं होतं. बाकीची पोरं आईबापांबरोबर ऊस तोडायला पश्चिमेकडे गेली होती. आमच्याकडे तोडायला ऊसच नव्हता. जो थोडा उभा होता तो छावणीतल्या जनावरांनी खाल्ला. कारखान्याचं धुराडं दिवाळीलाही पेटलं नाही.

नेमका त्याच वर्षी कारखान्याचा रौप्यमहोत्सव आला. चेअरमन साहेबांनी कुस्त्या रद्द केल्या, कीर्तन रद्द केलं, दुष्काळ आहे म्हणून. चित्रकलेची कार्यशाळा मात्र ठेवली. ती कोणाच्या डोळ्यांवर येत नाही आणि वर्तमानपत्रात फोटो येतो. जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांना हुकूम निघाला. विषय होता, ‘समुद्र आणि मी’.

मी हेडमास्तरांना म्हटलं, "सर, मला नाही जायचं."

"कावून?" ते म्हणाले. "जेवन हाय, चहा हाय, ऑन ड्युटी हाय. तुमचं नाव दिलंय मी. आता न्हाई म्हनू नका."

गेले. जीपमध्ये पंधरावीस माणसांत कोंबून घेऊन, मांडीवर रंगांची पेटी ठेवून गेले.

कारखान्याच्या आवारात शिरल्या शिरल्या पाण्याचा टँकर दिसला. तो अतिथीगृहाच्या टाकीत पाणी सोडत होता, कारण पाहुणे तिथं उतरले होते. कामगारांच्या वसाहतीतल्या बाया घागरी घेऊन भिंतीच्या सावलीला बसल्या होत्या. अतिथीगृहाची टाकी भरली की टँकर त्यांच्याकडे जाणार होता. त्यांच्यातली एक मला ओळखत नसूनही म्हणाली, "बाई, तुमीच का त्या समुद्रवाल्या?" आणि सगळ्या हसल्या. मला राग आला नाही. मी त्यांच्या जागी असते तर जास्त वाईट बोलले असते.

सभागृहात चित्रकार आमची वाट बघत उभा होता. खादीचा लांब कुर्ता, दोरीला लटकवलेला चष्मा, आणि बोलताना हवेत काहीतरी कुरवाळत असल्यासारखे हात. त्यानं आम्हाला चपला काढायला लावल्या आणि फरशीवर बसवलं.

"मित्रांनो, फरशी थंड लागतेय ना? ती वाळू आहे असं समजा. ओली वाळू. डोळे मिटा."

आम्ही डोळे मिटले. त्यानं टेपरेकॉर्डर लावला. लाटांचा आवाज सुरू झाला. माझ्या शेजारी अंबाजोगाईच्या एक बाई बसल्या होत्या, निवृत्तीला टेकलेल्या. त्या चक्क घोरायला लागल्या. पाचेक मिनिटांत लाईट गेली आणि लाटा थांबल्या. एखादा माणूस तिथं थांबला असता. हा थांबला नाही. तो तोंडानंच आवाज काढायला लागला. शूऽऽऽ. शूऽऽऽ. लांब, एका लयीत.

अंबाजोगाईच्या बाई जाग्या झाल्या, माझ्या कानाला लागून म्हणाल्या, "अगं, हा लेकरं मुतायला बसवतोय का?"

मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. चित्रकाराला वाटलं मला हुंदका आला. त्यानं येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वाहू द्या."

मग एकेकानं समुद्राची आठवण सांगायची होती. खरं सांगायचं तर त्या सभागृहात समुद्र पाहिलेली माणसं मोजकीच होती. पण न पाहिल्याचं कबूल कोण करणार? एका शाळेत खेळाचे सर चित्रकलाही शिकवायचे, कारण तिथं दुसरं कोणी नव्हतं. ते उठून उभे राहिले आणि गोव्याचं वर्णन करायला लागले. त्यांची मजल पुण्यापलीकडे गेली नव्हती, हे त्यांच्याबरोबर बी.पी.एड. केलेल्या दोघांना माहीत होतं. पण सर रंगात आले होते. होडी, सूर्यास्त, नारळ, आणि पाण्यातून उडी मारून त्यांच्याकडे बघणारा डॉल्फिन. चित्रकार डोळे मिटून मान डोलवत होता. "सुंदर," तो म्हणाला. "तो डॉल्फिन म्हणजे तुम्हीच आहात." सरांना ते इतकं पटलं की पुढचे दोन दिवस ते कमरेवर हात ठेवून चालत होते.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मी समुद्र पाहिला आहे. लहानपणी, बऱ्याचदा."

"आणि काय वाटलं? आतून?"

"फारसं काही नाही. थोडा तिरस्कार वाटतो."

त्याचे डोळे चमकले. "तिरस्कार! अहो, हे खरं. आजपर्यंत मला असं कोणी म्हणालं नाही. तोच रंगवा. तिरस्काराला रंग कोणता असतो, शोधा."

मी बसले. माझ्या तिरस्कारावर त्याचं प्रेम बसलं होतं, कारण तो कशाचा आहे हे त्याला अजून माहीत नव्हतं.

आम्ही परळीचे. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते औष्णिक वीज केंद्रात राख वाहून नेणाऱ्या पाइपांच्या कामावर होते. जळून उरलेली राख पाण्यात कालवून पाइपातून लांब नेतात आणि तळ्यात सोडतात. ते राखेचं तळं मी पाळण्यात असल्यापासून पाहत आले. पावसाचं पाणी साठलेलं तळं मला पुष्कळ उशिरा कळलं.

दर वर्षी डिसेंबरच्या सहा तारखेला आम्ही चैत्यभूमीवर अभिवादनाला मुंबईला जायचो. परळीच्या स्टेशनात गाडीत शिरायला मिळालं की दादा खूश असायचे. माय भाकरी बांधून घ्यायची. दादांचा पांढरा शर्ट, मायची पांढरी साडी, आम्हा दोघी बहिणींचे पांढरे झगे. मला पहिल्यांदा नेलं तेव्हाचं मला स्पष्ट आठवतं. रांगेत आम्ही कितीतरी वेळ उभे होतो. पुढेही माणसं, मागेही माणसं. कोणी ढकलत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. अनोळखी बाया मला कडेवर घेत होत्या, जेणेकरून मायचे हात मोकळे व्हावेत. एका ठिकाणी रांग वळली आणि माणसांच्या मधून मला एकदम तो दिसला. करडा, पसरलेला, काठाशी फेस.

मी ओरडले, "दादा, हे तर आपलं राखेचं तळंच हाय!"

आसपासची माणसं हसली. दादाही हसले. पण त्यांनी मान वळवून तिकडं पाहिलं नाही. रांगेत कोणीच पाहत नव्हतं. एवढी माणसं, आणि सगळ्यांची पाठ समुद्राकडे. माणसं ज्याच्यासाठी आली होती ते दुसरीकडे होतं.

दर्शन झाल्यावर मी हट्ट धरला. पाण्यात जायचंच. दादांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मला हाताला धरून नेलं. लाट आली, पायाखालची वाळू ओढून घेऊन गेली. मी ओंजळीत पाणी घेऊन प्यायले आणि थुंकले. दादांनीही एक ओंजळ तोंडात घेतली. मला वाटतं, त्यांना ते माहीत होतं, तरी त्यांनी माझ्यासाठी घेतली.

ते म्हणाले, "आमच्या टायमाला गावात पान्याला हात लावू देत न्हवते. वरून कोनीतरी घागरीत ओतंस्तोर विहिरीवर बसून राह्यचं. हितं एवढं पानी हाय, कोनी अडवीत न्हाई, तर पिता येत न्हाई. काय कामाचं हाय हे?"

आणि चूळ टाकावी तसं ते पाणी थुंकले. त्यांचं गाव धर्मापुरीकडचं. त्या विहिरीवर ते पुन्हा कधी गेले नाहीत, गावातही फारसे गेले नाहीत. पण विहीर आणि समुद्र एकाच मापानं मोजून त्यांनी समुद्राला नापास केलं, ते मी जवळ उभी राहून पाहिलं. त्यानंतर समुद्राचं कौतुक करणारी माणसं मला नेहमीच जरा खुळी वाटत आली.

तर हा माझा तिरस्कार. दुसऱ्या दिवशी मी तो काढायला बसले.

माझ्या पेटीतला निळा कधीच संपला होता, आणि कारखान्यानं दिलेली रंगांची एक मोठी पेटी सगळ्यांत मिळून होती. मी पोचेपर्यंत निळे रंग संपले होते. एकूणएक शिक्षकांनी निळ्याची नळी पिळून घेतली होती. खेळाच्या सरांनी तर दोन्ही निळे घेतले होते आणि डॉल्फिनलाही निळाच लावला होता. माझ्या वाट्याला काळा, पांढरा, माती आणि गेरू राहिला. मी त्यावर खूश होते. राखेला अजून काय लागतं?

वर बोटभर रुंदीचा करडा पट्टा मारला. तो समुद्र. बाकी सगळ्या कागदावर माणसं. पांढऱ्या कपड्यातली, एकमेकांना खेटलेली, समुद्र टाळून एका बाजूला तोंड केलेली. एका बाईच्या कडेवर परकं लेकरू. एका म्हाताऱ्याच्या हातात चपला. चेहरे काढले नाहीत, कारण चेहरे मला येत नाहीत. पाठी मात्र चांगल्या जमल्या. अंबाजोगाईच्या बाई आणि मी एकाच मगात ब्रश धूत होतो. तो मग चिखल झाला तरी आम्ही बदलला नाही. चित्रकार मात्र दर थोड्या वेळानं शिपायाला सांगत होता, "पाणी बदला, पाणी बदला, रंग मळतात." शिपाई बादली उचलायचा, बाहेर नेऊन मोगऱ्याच्या वाफ्यात ओतायचा आणि टाकीतून नवी भरून आणायचा. खिडकीतून भिंतीजवळच्या बाया ते बघत होत्या. त्या आता हसत नव्हत्या.

चित्रकार माझ्यामागे येऊन उभा राहिला. दोरीचा चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "समुद्र कुठे आहे?"

मी पट्ट्यावर बोट ठेवलं.

"आणि हे लोक?"

मी सांगितलं. सहा डिसेंबर, चैत्यभूमी, रांग.

त्याचा चेहरा हळूहळू बदलला. रागावला नाही. रागावला असता तर मला आवडला असता. तो फक्त थोडा दूर सरकला. "बाई," तो म्हणाला, "हा तुमचा राजकीय समुद्र झाला. मला तुमचा आतला समुद्र हवा होता. विषय ‘समुद्र आणि मी’ आहे. यात ‘मी’ कुठे आहे? इथे तर नुसते ‘आम्ही’ आहेत."

"मी कडेवर आहे," मी म्हटलं, आणि ते लेकरू दाखवलं.

त्यानं खिशातून स्वतःची निळ्याची नळी काढली, ब्रशवर घेतली आणि माझ्या करड्या पट्ट्याजवळ नेली. "एक रेघ मारतो. चित्राला श्वास घ्यायला जागा हवी."

मी त्याचं मनगट धरलं. शाळेत मस्तीखोर पोराचं धरतात तसं. त्यानं ब्रश मागे घेतला आणि सभागृहाकडे बघून हसला, जणू मी काही गंमत केली. त्यानंतर तो माझ्या बाजूला आला नाही.

शेवटच्या दिवशी सभागृहात दोऱ्या बांधून चित्रं टांगली. कपडे वाळत घालायचे चिमटे लावून. सगळीकडे निळंच निळं. सूर्यास्त, होड्या, नारळ, पुन्हा सूर्यास्त. चेअरमन साहेब आले. परीटघडीचे पांढरे कपडे, एकही डाग नाही. ते कोणत्या पाण्यात धुतले जात होते हे विचारायला तिथं कोणाची छाती नव्हती, माझीही नव्हती. त्यांच्यामागे संचालक, फोटोवाला आणि दोनतीन हेडमास्तर, त्यात आमचेही.

सगळी निळी चित्रं त्यांनी चालता चालता पाहिली. माझ्यापाशी थांबले.

"वा!" ते म्हणाले. "हे खरं! टँकरची लाईन काढलीय, न्हाई का? आपल्या लोकांचं दुःख हाय हे. वर ते कोरडं आभाळ. लई भारी. बाई, हेच आपन यंदा कारखान्याच्या कॅलेंडरवर छापू."

आमच्या हेडमास्तरांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मी चित्रकाराकडे पाहिलं. त्याला खरं माहीत होतं. तो छताकडे बघत होता.

मी म्हटलं, "साहेब, ती टँकरची रांग नाही. चैत्यभूमीची आहे. वर समुद्र आहे."

टाळ्या थांबल्या. चेअरमन साहेबांनी चित्राकडे पुन्हा पाहिलं, मग माझ्याकडे. ते माणूस ओळखण्यात तरबेज होते. त्यांची सगळी चेअरमनकी त्यावरच चालली होती. एका नजरेत त्यांनी माझं आडनाव, गल्ली आणि मत कोणाला जातं हे सगळं लावून घेतलं असावं.

"बरं, बरं. चांगलंच हाय की," ते म्हणाले, आवाज आणखी गोड करून. "पर बाई, कॅलेंडर सभासदांच्या घरोघर जातं. समद्या परकारचे लोक असत्यात. आपन टँकरच म्हनू. चित्र तेच, नाव तेवढं दुसरं. तुमाला काय फरक पडतो?"

"घागरी नाहीत त्यांच्या हातात," मी म्हटलं.

"आँ?"

"टँकरच्या रांगेत माणूस घागर घेऊन उभा राहतो. यांचे हात रिकामे आहेत."

कोणीतरी मागे हसलं. त्या अंबाजोगाईच्या बाई होत्या. चेअरमन साहेब हसले नाहीत. हेडमास्तर पुढं झाले, "बाई, घागरी काय, रंगवा की दोनचार. कितीसा वेळ लागतो?"

मी चिमटे काढले, चित्र गुंडाळलं आणि काखेत घेतलं. "मग राहू द्या," म्हटलं.

चित्रकार दारापर्यंत मागे आला. तेवढी तसदी त्यानं घेतली हे मान्य करते. "असं करू नका," तो हळूच म्हणाला. "एकदा चित्र भिंतीवर लागलं की ते प्रेक्षकाचं असतं. त्याला त्यात जे दिसेल ते दिसू द्यावं."

"मग ते प्रेक्षकानंच काढावं," मी म्हटलं आणि चपला शोधायला लागले. चपला सापडेपर्यंत आम्ही दोघंही तिथंच उभे होतो, त्यामुळं माझ्या बोलण्याचा परिणाम जरा कमी झाला.

त्यानंतर मला कुठल्या कार्यशाळेचं बोलावणं आलं नाही, याचा मला काडीचाही खेद झाला नाही. हेडमास्तर बरेच महिने माझ्याशी फक्त शिपायामार्फत बोलले, आणि त्या काळात मी वर्षानुवर्षांत घेतले नव्हते एवढे चित्रकलेचे तास घेतले. कॅलेंडरवर खेळाच्या सरांचा डॉल्फिन आला. छपाईत तो जांभळा झाला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘सहकारातून समृद्धीकडे’. कारखान्याचं गाळप पुढच्या वर्षीही झालं नाही.

कार्यशाळा संपली त्याच शनिवारी मी चित्र घेऊन एस.टी.नं परळीला गेले. दादा तोवर वारले होते. माय एकटीच असायची, खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबून, राख आत येऊ नये म्हणून. मी पलंगावर चित्र पसरलं आणि चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या. काय आहे ते सांगितलं नाही. तिनं चष्मा लावला. लगेच ओळखलं.

"चैत्यभूमी," ती म्हणाली. मग खूप वेळ बघत राहिली. मला वाटलं ती दादांना शोधतेय. मी म्हटलं, "चेहरे नाहीत काढले, माय. सगळ्या पाठीच आहेत."

"ते दिसतंय," ती म्हणाली. "पर लोकं लई कमी काढलीस."

"कमी? कागद भरलाय की."

"एवढीच असत्यात का? तू लहान होतीस, तुला काय आठवतंय." तिनं वरच्या करड्या पट्ट्यावर नख आपटलं. "आन् हे कशाला मोकळं सोडलंस? हितं बसत्यात की अजून."

मी म्हटलं, "तो समुद्र आहे."

"असू दे," माय म्हणाली. "तिथं बी लोकं उभी करायची."

मी पेटी उघडली. ती शेजारी बसून, कुठं कोण उभं होतं ते सांगत राहिली.